दुसऱ्यांच्या कपड्यांबद्दल विचारायला जाताना

कपड्यांवर रिसर्च करायचा म्हटलं की नवीन मुलामुलींना वाटतं हे तर सोपं काम, कारण कोणाचा पगार विचारायचा नाही, आजार विचारायचा नाही, मत कोणाला दिलं ते विचारायचं नाही, फक्त काय नेसता आणि का नेसता एवढंच तर विचारायचंय. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. नंतर आठ-नऊ वर्षं वेगवेगळ्या प्रोजेक्टच्या निमित्ताने वाशिम-यवतमाळकडच्या बंजारा तांड्यांवर, मालेगावात, सोलापुरातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरांत, मुंबईच्या कोळीवाड्यांत फिरले आणि आता मी नवीन माणसाला सगळ्यात आधी एकच सांगते, की कपड्याबद्दल विचारणं म्हणजे अब्रूबद्दल विचारणं आहे. जात, पैसा, सासर-माहेर, धर्म, नवरा आहे की गेला, सगळं बाईच्या अंगावर दिसत असतं आणि तिला ते पुरतं माहीत असतं, त्यामुळे तुम्ही "हे का नेसता" असं विचारलंत की तिला ऐकू येतं "तू कोण आहेस ते सांग". हे डोक्यात ठेवून पुढच्या पायऱ्या वाचा. पुरुषांच्या मुलाखतींनाही यातलं बरंचसं लागू पडतं पण माझं बहुतेक काम बायकांशी बोलण्याचं, म्हणून उदाहरणं तीच येतील.

१. "फॅशन" हा शब्द घरीच ठेवून जा

प्रश्नावली बहुतेक वेळा इंग्रजीत तयार होते, मग तिचं मराठी केलं जातं आणि पहिली गडबड तिथेच होते. "तुम्ही कोणत्या प्रकारचा पेहराव परिधान करता" असं कोणी कोणाला विचारतं का? आपल्याकडे लुगडं नेसतात, झंपर घालतात, पदर घेतात, फेटा बांधतात, स्कार्फ गुंडाळतात, कुंकू लावतात. प्रत्येक गोष्टीचं क्रियापद वेगळं, आणि ते चुकलं की समोरच्या बाईला दोन मिनिटांत कळतं की हिला यातलं काही माहीत नाही, मग ती पण वरवरचं बोलून तुम्हाला वाटेला लावते.

आणि "फॅशन". गावाकडे "ती लई फॅशन करते" हे कौतुक नाहीये, ती तक्रार आहे, सासू सुनेबद्दल करते ती. त्यामुळे "तुमच्याकडे फॅशन कशी बदलली" विचारलं की उत्तर येतं "आम्ही नाही बाई फॅशन-बिशन करत", आणि मुलाखत तिथेच मिटते. हीच बाई पाच मिनिटांनी तुम्हाला मटका गळा कुठल्या टेलरला जमतो, फुग्याच्या बाह्या परत कधी आल्या, कोणत्या लग्नात कोणाचं ब्लाउज बघून आपलं शिवून घेतलं हे सगळं सांगेल, फक्त तुम्ही "सध्या नवीन काय निघालंय?" असं विचारायला हवं. "निघालंय" हा शब्द लक्षात ठेवा, फार कामाचा आहे.

माझी एक चूक सांगते. साताऱ्याकडच्या एका आजींना मी विचारलं, साडी कधीपासून नेसता? त्या म्हणाल्या, "म्या न्हाई नेसत साडी." मी वहीत तसं लिहून मोकळी झाले. आजी माझ्यासमोर नऊवारीत बसल्या होत्या! त्यांच्या लेखी लुगडं ते लुगडं आणि साडी म्हणजे सुना नेसतात ती सहावारी, आणि पातळ हा आणखी तिसराच प्रकार. माझ्या प्रश्नावलीत मात्र सगळ्याला मिळून एकच शब्द होता. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत तेच "लुगरा" होतं. गोव्यात कोकणीत "कापड" म्हणजेच साडी, तिथे तुम्ही मराठीच्या सवयीने "कापड कुठून आणता" विचारलंत तर ती बाई नेसायच्या कापडाबद्दल सांगत राहील आणि तुम्ही समजाल ताग्याबद्दल बोलतेय. तांड्यावर घागरा म्हणू नका, तो फेटिया, आणि वरची चोळी ती काचळी.

म्हणून पहिले दोन दिवस एकही मुलाखत घेऊ नका. फक्त शब्द गोळा करा. आठवडी बाजारात कापडाच्या दुकानात बसा, लेडीज टेलरकडे बसा, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण भेटली तर तिच्याशी बोला, तिला घराघरातलं गाठोडं माहीत असतं.

२. कोणी कोणाला काय नेसू दिलं नाही ते आधी वाचून जा

ही पायरी बरेच जण गाळतात आणि सगळ्यात जास्त दुखवादुखवी इथेच होते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांपुढे भाषण केलं, त्यात त्यांनी सांगितलं की ज्या नेसणीवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता ती सोडा, लुगडं वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या बायका नेसतात तसं नेसा, गळ्यातल्या भाराभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या चांदी-कथलाच्या गोठ-पाटल्या काढून टाका. म्हणजे नेसण बदलणं ही तिथे चळवळ होती. आता तुम्ही एखाद्या बौद्ध आजीला जाऊन हळहळत्या आवाजात विचारलंत "तुमची पारंपरिक नेसण का हो सोडलीत?" तर तो प्रश्न कसा लागेल विचार करा. मला एका आजींनी फार शांतपणे सांगितलं होतं, "सोडली नाही बाळा, टाकली." सोडणं आणि टाकणं यातला फरक मला तोवर कळला नव्हता. पारंपरिक म्हणजे सुंदर आणि ते गेलं म्हणजे वाईट झालं, हे आपण शहरातून जाताना सोबत नेलेलं मत असतं, ते प्रश्नात मिसळू देऊ नका.

बंजारा तांड्यावर जाणार असाल तर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा वाचा. अनेक जमातींवर "जन्मजात गुन्हेगार" असा शिक्का मारणारा तो कायदा १९५२ ला रद्द झाला पण वही घेऊन येणारा, नाव-गाव-माणसं विचारणारा, फोटो काढणारा अनोळखी माणूस म्हणजे काय याची आठवण घराघरात अजून आहे. त्यात आता आरक्षणाचा प्रश्न. हाच समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये, कर्नाटकात अनुसूचित जातींमध्ये आणि तेलंगणा-आंध्रात अनुसूचित जमातींमध्ये मोडतो, आणि २०२५ मध्ये निजामाच्या काळातल्या हैदराबाद गॅझेटचा आधार देत महाराष्ट्रात एसटी आरक्षणासाठी मोठे मोर्चे निघाले. अशा वेळी "तुमचा पारंपरिक वेश कोणता" हा प्रश्न नुसता कपड्याचा राहत नाही, हे आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरणार की विरोधात, असं समोरच्याच्या मनात येणारच आणि ते अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर तयार ठेवा आणि खरं ठेवा, "माझ्या अभ्यासाने आरक्षण मिळणारही नाही आणि जाणारही नाही" हे मी स्पष्ट सांगते.

३. कधी जायचं

थोडक्यात सांगते. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की अनेक तांडे रिकामे होतात, म्हातारी माणसं आणि पोरं उरतात, बाकी सगळे कारखान्यावर, ते मार्च-एप्रिलपर्यंत. मालेगावात लूम शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी घरं भरलेली असतात पण नमाजाची वेळ सोडून जा. कोळीवाड्यात बुधवार, शुक्रवार, रविवार मासळीच्या जोराच्या विक्रीचे दिवस, त्या दिवशी कोणाला बसायला वेळ नसतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा वेळ मिळतो हे खरं, पण तेव्हा हातात पैसाही कमी असतो हे लक्षात ठेवून "नवीन साडी कधी घेतली" हा प्रश्न तेव्हा नको.

४. तुम्ही स्वतः काय घालून जाणार

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. तुम्ही तोंड उघडायच्या आधी तुमचे कपडे बोललेले असतात आणि कपड्यांवरच्या रिसर्चमध्ये तर समोरची बाई तुमच्याइतकंच बारकाईने तुम्हाला बघत असते.

पहिल्यांदा तांड्यावर गेले तेव्हा मी हँडलूमचा कुर्ता, ऑक्सिडाइज्ड झुमके आणि खांद्याला आरसे-कवड्यांचं काम असलेली झोळी असं गेले होते. झोळी एका प्रदर्शनातून घेतलेली. मनात असं की यामुळे त्यांना आपलेपणा वाटेल. एका म्हाताऱ्या याडीने (याडी म्हणजे आई) ती झोळी हातात घेतली, उलटी केली, आतल्या बाजूने टाके बघितले, बोटाने मोजल्यासारखं केलं आणि विचारलं, केवढ्याला घेतली. मी खरं सांगितलं, अठराशे. ती काहीच बोलली नाही. मग तिच्या सुनेने सांगितलं की हे काम एका जुन्या फेटियाचं आहे, कापून लावलंय, आणि असे दोन फेटिये आमच्या सासूबाईंनी फेरीवाल्याला दोन स्टीलच्या डब्यांवर दिले होते. त्या दिवशी मुलाखत झाली नाही, मीच घेतली नाही. घेण्यासारखं तोंड नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम असा की दुपारी नातेवाइकांकडे जाताना जे घालू ते घालायचं. स्वच्छ, इस्त्री केलेलं, साधं. फार जुनं-विटकं घालून गेलात तर "आमच्याकडे यायला चांगले कपडे पण घातले नाहीत" असं होतं, आणि फाटक्या जीन्सचं तर बोलायलाच नको. त्यांच्यासारखं नटूनही जाऊ नका, म्हणजे तांड्यावर फेटिया घालून किंवा मालेगावात बुरखा घालून, ते सोंग वाटतं. ओढणी असली की पुरे. आणि मंगळसूत्र आहे का, टिकली आहे का, बांगड्या किती, हे सगळीकडे बघितलं जातं आणि विचारलंही जातं. "लग्न झालं का, मग गळ्यात काही का नाही?" हा प्रश्न मला शंभरदा आलाय. त्याला टाळू नका. आपण दुसऱ्याच्या कपाटात डोकावणार आणि आपल्या गळ्याबद्दल विचारलं की वैयक्तिक म्हणणार, हे बरं नव्हे. मी नेहमी खरं उत्तर देते आणि बरेचदा मुलाखत खरी तिथूनच सुरू होते.

५. दुभाषी निवडताना

गोरमाटी (बंजारांची बोली), तेलुगू, कोकणी, मालेगावची उर्दू, यातलं सगळं कोणालाच येत नाही, दुभाषी लागतोच. आणि जो सहज मिळतो तो असतो तांड्यावरचा कॉलेजला जाणारा मुलगा, बहुतेक वेळा नायकाच्या किंवा कारभाऱ्याच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांच्या घरातला. मुलगा चांगला असतो, मदतही मनापासून करतो, पण बायका त्याच्यासमोर काचळीबद्दल काय बोलणार?

दुसरी अडचण जास्त खोल आहे. एक बाई चार मिनिटं सलग बोलली, मध्ये आवाज चढला, मध्ये पदर डोळ्याला लावला, आणि दुभाष्याने मला सांगितलं, "ती म्हणते जड होतं म्हणून सोडलं." महिनाभराने तेच रेकॉर्डिंग मी दुसऱ्या गावच्या एका गोरमाटी बोलणाऱ्या शिक्षिकेकडून ऐकून घेतलं. जड होतं हे ती बाई म्हणाली होती पण शेवटच्या वाक्यात. त्याआधी बाजाराच्या गावी लोक कसे थांबून बघायचे, या चोरी करतील म्हणून दुकानदार कसे हात धुऊन मागे लागायचे, मुलाच्या शाळेत गेल्यावर मुलानेच "तू हे घालून येऊ नको" असं कसं सांगितलं, हे सगळं होतं. माझ्या दुभाष्याने हे मुद्दाम लपवलं असं मी म्हणणार नाही. आपल्या माणसांचा अपमान बाहेरच्या माणसाला सांगायची त्यालाही लाज वाटली असेल. अब्रू त्याचीही होती.

तर करायचं काय? दुभाषी शक्यतो बाई असावी, वयाने मुलाखत देणारीच्या जवळपासची. शक्यतो त्याच गावची नको, शेजारच्या गावची चालेल. तिच्याबरोबर आदल्या दिवशी बसून सगळे प्रश्न एकदा वाचा आणि तिला विचारा यातला कोणता प्रश्न विचारायला तुला अवघड वाटेल, तोच नीट बदलून घ्या. तिला सांगा सारांश नको, लांब झालं तरी चालेल. तिला पैसे द्या, व्यवस्थित द्या, आणि रिपोर्टमध्ये तिची परवानगी असेल तर नाव घाला. दहातल्या निदान दोन मुलाखती तिसऱ्या माणसाकडून पुन्हा ऐकून घ्या.

सोलापुरात वेगळाच अनुभव आला. तिथल्या पद्मशाली घरांत मराठी सगळ्यांना येतं त्यामुळे मी दुभाषी नेलाच नाही, आणि मुलाखती छान झाल्यासारख्या वाटल्या, पण लग्नातल्या साडीचा विषय निघाला की सगळ्या बायका आपसात तेलुगूत शिरायच्या, हसायच्या, भांडायच्या, आणि माझ्याकडे वळून मराठीत एक वाक्य द्यायच्या. ते मधलं तेलुगू होतं तो खरा डेटा. आता मी सांगते, तुम्हाला ज्या भाषेत बोलावंसं वाटतं त्यात बोला, मी नंतर समजून घेईन, आणि रेकॉर्डर चालू ठेवते.

६. हाक, परवानगी, सही

हाक मारायला चुकलं की पुढचं सगळं चुकतं. तांड्यावर वयस्कर बाईला याडी, मालेगावात खाला किंवा आपा, तेलुगू घरात अक्का, अम्मा, पश्चिम महाराष्ट्रात काकू, आत्या, आजी. "मावशी" जपून वापरा, शहरात धुणीभांडी करणाऱ्या बाईंना सगळे मावशीच म्हणतात त्यामुळे काही जणींना ते टोचतं. कोळीवाड्यात मात्र चालतं. "मॅडम" म्हणून घेऊ नका स्वतःला, मी पहिल्याच वाक्यात नाव सांगते आणि त्यानेच हाक मारा म्हणते.

आता संमतीचा फॉर्म. कॉलेजची एथिक्स कमिटी सहीचा कागद मागते आणि गावात सही म्हणजे कर्ज, जमीन, नाहीतर सरकारी यादी. २०१९-२० च्या एनआरसीच्या (नागरिकत्वाच्या नोंदवहीच्या) चर्चेच्या दिवसांत तर मुस्लिम वस्त्यांत कागद घेऊन आलेल्या माणसाकडे लोक संशयानेच बघायचे आणि त्यात त्यांचं चुकत नव्हतं. म्हणून कमिटीकडून तोंडी संमतीची परवानगी आधीच काढून ठेवा, म्हणजे रेकॉर्डरवर तीन गोष्टी: कशासाठी विचारतेय, नाव बदलून लिहिणार, आणि कधीही "पुरे" म्हटलं तर थांबणार. शेवटचं नुसतं म्हणू नका, एकदा मुद्दाम मधे थांबून विचारा "थांबूया का?" आणि हो म्हटलं तर खरंच थांबा.

"यातून आम्हाला काय?" हा प्रश्न येतो, यायलाच पाहिजे. जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कुठेही नाव न घेता, आणि इथे आरडाओरडा झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. कोल्हापुरीला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं असतानाची ही गोष्ट. त्यामुळे कारागीर विचारतो की तुम्ही फोटो नेणार, माप नेणार, मग नाव कोणाचं येणार? डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी हे नीट ऐका. तुम्ही मुलाखतीला गेलाय की नमुना घ्यायला गेलाय हे स्वतःशी आधी ठरवा, आणि दोन्ही असेल तर दोन्ही सांगा.

७. प्रश्न विचारू नका, पेटी उघडायला सांगा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. "गेल्या तीस वर्षांत काय बदललं" असल्या प्रश्नाला कोणालाच उत्तर देता येत नाही. त्यापेक्षा म्हणा, "एखादी जुनी साडी ठेवलीय का जपून? दाखवाल?" पेटी उघडली, गाठोडं सुटलं की बाई बदलते. प्रत्येक कपड्याबरोबर कोणी दिलं, कधी दिलं, किती वेळा नेसलं, का नेसणं बंद केलं हे आपोआप येतं. डांबरगोळ्यांचा वास येतो आणि त्याबरोबर माहेर येतं. एका आईंनी लग्नातला शालू दाखवला, घडीवर चिरलेला, आणि म्हणाल्या हा मी दोनदाच नेसले, पण दर दिवाळीला घडी बदलते. तीस मिनिटं त्या शालूवर. प्रश्नावलीतल्या अकरा प्रश्नांची उत्तरं त्यात आली, मी एकही विचारला नव्हता.

पण पेटीत जे नाही तेही बघा. मी सुरुवातीच्या काळात गोळा केलेल्या मुलाखतींत घरात काय नेसता याचं उत्तर जवळपास सगळीकडे "साडी" किंवा "ड्रेस" होतं. आणि दोरीवर? दोरीवर गाऊन वाळत होते, प्रत्येक घरात, दोन-दोन, तीन-तीन. ज्याला कोणी मॅक्सी म्हणतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, वर एक ओढणी नाहीतर टॉवेल टाकून, दुकानात, रेशनला, मुलाला शाळेत सोडायला, सगळीकडे तोच. पण मी येणार म्हणून बाईने गाऊन बदलून साडी नेसलेली असायची, आणि माझ्या फोटोत, माझ्या वहीत फक्त साड्याच. महाराष्ट्रातल्या बायकांच्या अंगावर दिवसातले सगळ्यात जास्त तास असणारा कपडा माझ्या अभ्यासात नव्हताच! ती खोटं बोलत नव्हती हो, तिच्या मते गाऊन हा "कपडा" या सदरात मोडतच नाही, तो कामाचा, सोयीचा, पाहुण्यासमोर न सांगण्याचा. तेव्हापासून मी असं विचारते, "आज सकाळी उठल्यापासून आत्तापर्यंत कितीदा कपडे बदलले?" आणि मग सगळं बाहेर येतं.

आणखी एक, शोरूमची गोष्ट ओळखायला शिका. येवल्यात तुम्ही विणकराला पैठणीबद्दल विचारलंत तर पहिली दहा मिनिटं तो तेच सांगणार जे गिऱ्हाइकाला सांगतो, सातवाहन, आणि मोर, मुनिया, असावलीची नक्षी. गोव्यात फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी कापड (कुणबी बायकांची साडी) रॅम्पवर नेलं, त्याचं फार मोल आहे, पण आता तिथे विचारायला गेलं की कधी कधी पेपरातली आणि दुकानातलीच गोष्ट परत ऐकू येते. ऐकून घ्या, मग विचारा "तुमची आई शेतात जाताना काय नेसायची?" किंवा विणकराला "मुलगा बसतो का मागावर?" दुसऱ्या प्रश्नानंतर जी शांतता होते ती भरायची घाई करू नका.

८. सासूबाई बसलेल्या असताना

एकट्या बाईची मुलाखत ही पुस्तकातली गोष्ट, घरात तसं होत नाही. सासू येऊन बसते, नवरा दारात उभा राहतो, शेजारणी येतात. "आम्हाला एकटीशी बोलायचंय" म्हटलंत तर तुम्ही गेल्यावर त्या सुनेची उलटतपासणी होते, ती किंमत तिने मोजायची आणि डेटा आपण न्यायचा, हे मला मान्य नाही. मी आधी सासूबाईंचीच मुलाखत घेते, मनापासून, कारण त्यांच्याकडेही सांगण्यासारखं खूप असतं, त्यांनाही कोणी कधी विचारलेलं नसतं. नंतर सुनेबरोबर टेलरकडे नाहीतर पिको-फॉलच्या दुकानात जाण्याचं निमित्त काढते. चालता चालता बायका जे बोलतात ते बसून बोलत नाहीत.

मालेगावात प्रत्येक नवीन रिसर्चर बुरख्यावर एकच प्रश्न घेऊन येतो, जबरदस्ती आहे की मर्जी. हा प्रश्न त्यांनी इतक्यांदा ऐकलाय की उत्तर पाठ झालंय. मी विचारलं, किती आहेत आणि कुठला कशाला? मग निदाचं कापड उन्हाळ्यात कसं, लग्नाला खड्यांचा वेगळा, बाजारचा वेगळा, आईचा कसा होता, लेक कॉलेजला अबाया घालते त्याला आजीचं काय म्हणणं, हे सगळं तासभर. त्यात मर्जी पण होती, दबाव पण होता, हौस पण होती, एकाच बाईच्या एकाच दिवसात. न विचारता आलं.

विधवा बाया घरात असतील तर फार जपा. हिरव्या बांगड्या, कुंकू, हळदीकुंकवाची साडी हे विषय सगळ्यांसमोर काढू नका. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्यानंतर शासनानेही बाकी गावांना त्याचा आदर्श घ्यायला सांगितलं, पण ठराव झाला म्हणून घरातलं बोलणं एका दिवसात मोकळं होत नाही. निघताना घरची बाई तुमची ओटी भरते, ब्लाउज पीस देते. घ्या, नाही म्हणू नका, पण त्याच घरात कोपऱ्यात कोणी बसलेली असेल तिला वाकून नमस्कार केल्याशिवाय निघू नका.

९. उतरवून काढणं

एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला मला पाच-सहा तास लागतात, दुसरी भाषा असेल तर दोन दिवस. रोजचं रोज करा. बोली सुधारू नका, "लुगरा"चं "लुगडे" करू नका, "न्हाई"चं "नाही" करू नका. त्या दिवशी बाईने काय नेसलं होतं, मधेच पदर कधी सावरला, कोण आल्यावर विषय बदलला, हे कंसात लिहा. फोटो कपड्याचे काढा, चेहऱ्याचे नको, आणि काढलेला फोटो तिथल्या तिथे दाखवा. नको म्हणाली तर तिच्यासमोर डिलीट करा. गावाचं नाव बदलून काम भागत नाही कधी कधी, "अमुक तालुक्यातली, मोठा फेटिया अजून घालणारी एकमेव बाई" असं लिहिलंत की सगळ्यांना कळतंच ती कोण.

१०. परत जा

रिपोर्ट दिल्यावर नाही, त्याच्या आधी. प्रिंट काढा फोटोंच्या, खाली मराठीत दोन ओळी लिहा, आणि घेऊन जा. ज्या तांड्यावर माझ्या झोळीचा प्रकार झाला तिथे मी सात-आठ महिन्यांनी गेले, ऊसतोडीहून माणसं परतल्यावर. झोळी सोबत नेली होती, ती याडीला दिली, तिने ठेवून घेतली. फोटो तिच्या नातवाने वाचून दाखवले. मी एका फोटोखाली "घागऱ्याचा घेर" असं लिहिलं होतं, एवढं सगळं शिकून. याडीने नातवाकडून पेन मागितलं, तिला लिहिता येत नाही म्हणून नातवाच्या हातात परत दिलं, आणि त्याने तिच्या सांगण्यावरून घागरा खोडून फेटिया लिहिलं. मग ती म्हणाली फोटो पण उलट्या बाजूचा आहे, आतली बाजू वर आलीय. दोन्ही दुरुस्त्या मी तशाच ठेवल्यात. आता मी प्रिंट काढताना प्रत्येक फोटोखाली दोन ओळी मोकळ्या सोडते आणि पेनं चार-पाच जास्त नेते.